काकांचा गळाचा डबा



आपल्या आठवणींत सुरसागर येतो, संगीत कॉलेज येतं, खंडेराव मार्केट येतं, दुलीरामचे पेंडे तर हटकून येतात. गळाने मासे धरणाऱ्यांबद्दल मात्र कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. कारण उघड आहे. गुजरातेत राहायचं, डावीकडे वैष्णव, उजवीकडे जैन, समोरच्या वाड्यात सोवळ्यातली देशस्थ मंडळी. अशात आम्हा मासेखाऊ कायस्थ प्रभूंच्या घरांनी हा विषय ओटल्यावर कधी आणलाच नाही. आज मी आणतो. ज्यांना मासे वर्ज्य आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात खाण्यापेक्षा पाहण्याचा भाग जास्त आहे.

दांडिया बाजारातून सुरसागर हाकेच्या अंतरावर. आमची आजी संध्याकाळी कणकेच्या गोळ्या करून माशांना घालायला जायची, आणि मी तिच्या पदराला धरून जायचो. गोळी पाण्यात पडली की चारी बाजूंनी मासे यायचे, तोंडं उघडी, एकमेकांच्या अंगावरून. तिथे गळ टाकायचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. पुण्य मिळवायची जागा ती.

एकदा धाकटे काका बरोबर होते. मला म्हणाले, "हे बघ, हे रोहूच्या जातीतले. जेवायला बोलावलं की येतात. मरळ तशी नाही. मरळ जेवायला येत नाही, शिकारीला येते."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, पण पुढचं सगळं त्यातच आहे. रोहू, मृगळ यांना कणीक, कोंडा, गांडूळ चालतं, म्हणजे खरं खाणं. मरळ, जी अंगाने लांब, डोक्याने सापासारखी आणि तोंडात दात असलेली, तिला हलणारं, पळणारं काहीतरी हवं असतं. ती कमळाच्या पानाखाली दबा धरून बसते आणि बेडूक, लहान मासा, झिंगा जवळून गेला की झडप घालते. म्हणून तिच्यासाठी खोटं आमिष चालतं. इंग्रजीत ज्याला लुअर म्हणतात ते हेच. खाता येत नाही, फक्त खाण्यासारखं वागतं.

काका मुलकी खात्यात कारकून होते. आमचं मूळ गाव कुलाबा जिल्ह्यातलं, त्यामुळे ते गळाला गरी म्हणायचे आणि नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस. हे दोन्ही मुंबईहून यायचं. बाकी सगळं घरचं. बारा फुटी बांबू, त्याला रीळ नाही, आणि ओव्हलटिनचा एक पत्र्याचा डबा. त्या डब्यात पाच प्रकारची आमिषं होती, आणि प्रत्येकाचा जन्म आमच्याच घरात झालेला.

पहिलं, पितळी चमचा. दांडा मोडलेल्या चमच्याला दोन्ही टोकांना भोक पाडून एकीकडे कडी, दुसरीकडे गळ. पाण्यातून ओढला की तो सरळ येत नाही, डुलत येतो, जखमी माशासारखा. दुसरं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा बेडूक. पोटाला बुचाचा तुकडा, मागे रबराच्या दोन पट्ट्या म्हणजे पाय. तिसरं, कोंबड्याचं पीस, त्याला आजीच्या विरलेल्या लुगड्याच्या काठातली जर गुंडाळलेली. चौथं, शिशाचा मणी आणि त्यामागे काळ्या कापडाच्या चिंध्या. पाचवं, बुचाचा कोरलेला मासा, त्याला रंग काकांनी स्वतः दिलेला.

काकांच्या वाचनात एच. एस. टॉमस या मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या साहेबाची पुस्तकं आली होती. 'द रॉड इन इंडिया' 1873 चं, आणि 'टँक अँगलिंग इन इंडिया' 1887 चं. दुसऱ्या पुस्तकाचा विषयच आपल्याकडची तळी. काकांना त्याचं फार कौतुक. म्हणायचे, "बघ, साहेबाने मोठ्या नद्या सोडून गावच्या डबक्यावरसुद्धा पुस्तक लिहिलं."

आता मुद्द्यावर येतो. लहान तळ्यावर कोणतं आमिष लावायचं, हे काका डबा उघडून ठरवत नसत. आधी तळ्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, पाणी कसं आहे? पाणी गढूळ असेल तर माशाला दिसत कमी, पण कळतं बरंच. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. पाण्यातली थरथर तिला जाणवते. म्हणून गढूळ पाण्यात फडफड करणारं, पाणी हलवणारं आमिष हवं, आणि ते काळं हवं. मला वाटायचं, गढूळ पाण्यात पांढरंशुभ्र काहीतरी असावं. काका म्हणायचे, "तू वरून बघतोस. ती खालून बघते. तिच्यामागे आभाळ नसतं, तिच्या डोक्यावर आभाळ असतं. आभाळावर काळं उठून दिसतं." पाणी स्वच्छ असेल तर उलट. लहान, मंद रंगाचं, शांतपणे चालणारं. स्वच्छ पाण्यासाठी एक चमचा त्यांनी मुद्दाम चुलीच्या धुरावर काळवंडून ठेवला होता. फार झळाळी आली की मासा बिचकतो म्हणायचे.

दुसरा प्रश्न, झाकण काय आहे? शेवाळ, कमळाची पानं, शिंगाड्याचे वेल. मरळ नेमकी त्यातच असते, आणि उघडा गळ त्यातच अडकतो. म्हणून रबरी बेडकाचे दोन्ही गळ त्याच्या पाठीला चिकटून असत, टोकं वर. पानावरून सरकला तरी अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि टोकं बाहेर येतात. मोकळ्या पाण्यात चमचा, झाडोऱ्यात बेडूक, असा साधा नियम.

तिसरा प्रश्न, इथे खाणं काय आहे? काठाने चालायचं आणि पायाखालून काय उडी मारतं ते बघायचं. पावसाळ्यात बेडूक. थंडीत झिंगे, बारीक मासे. मासा ज्याला सरावला आहे त्याच्याच आकाराचं आमिष द्यायचं. लहान तळ्यातला मासा मोठा असला तरी त्याचं खाणं लहानच असतं, म्हणून मोठं आमिष म्हणजे मोठा मासा हा हिशोब तिथे चालत नाही.

चौथा प्रश्न, वेळ कोणती? पहाटे आणि सांजेला मासा काठाला, वरच्या पाण्यात येतो, तेव्हा पृष्ठभागावरचं आमिष. उन्हाच्या वेळी खाली जातो, तेव्हा शिशाचा मणी तळाशी सोडून हळू हलवायचा. थंडीत सगळंच हळू.

आणि या चारांच्याही आधी एक गोष्ट. काठावर चिखलात घसरल्याच्या खुणा आहेत का ते बघायचं. बडोद्याच्या लोकांना कारण सांगायला नको. विश्वामित्रीच्या मगरी काही नदीतच राहायचं असं लिहून देत नाहीत. गाई जिथे पाणी प्यायला उतरत नाहीत तिथे काका बसत नसत.

आता 1963 च्या पावसाळ्याची गोष्ट. मी बारा वर्षांचा. आमचे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, विषमज्वरातून उठले होते. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिन दिलं, ताप उतरला, पण माणूस निम्मा झाला होता. हिंचक्यावर बसले की पाय जमिनीला टेकून झोका घेण्याची ताकद नव्हती, मी द्यायचो. अन्न समोर आलं की तोंड फिरवायचे. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या वैद्यबुवांनी सांगितलं, मरळीचं पातळ कालवण द्या, अंगी लागेल.

मरळ आजारातून उठलेल्याला द्यायची, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. तिकडे हैदराबादला तर दम्यासाठी मृग नक्षत्राच्या सुमारास बत्तिनी कुटुंब जिवंत मरळीच्या पिलाच्या तोंडात औषध घालून ते पिलू गिळायला देतं, त्याला हजारो लोक जमतात. वैद्यकीय दृष्ट्या त्यात काय आहे यात मी शिरत नाही. आमच्या घरात तेव्हा एवढंच होतं की भाऊंनी 'आणा, बघू' म्हटलं होतं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी कुठल्या पदार्थाला हो म्हटलं होतं.

अडचण अशी, की आषाढ संपत आला होता. श्रावण लागला की घरात मासळी बंद. आजी म्हणाली असती आजाऱ्याला दोष नाही, पण भाऊ स्वतः श्रावण मोडणारे नव्हते. काकांची सुट्टी रविवारी. म्हणजे हातात दोन रविवार.

पहिल्या रविवारी पहाटे काका आणि मी एका सायकलवर निघालो. गोत्री, समा, हरणी ही तेव्हा शहराबाहेरची गावं होती. आम्ही गोत्रीच्या पुढे एका लहान तळ्यावर गेलो. काकांनी आधी तिथल्या पटेलांच्या घरी जाऊन विचारलं, आजारी भावासाठी एक मासा हवाय. पटेल स्वतः शाकाहारी. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एक ज लेजो." एकच घ्या.

काठावर बसलो. काकांनी डबा मांडीवर ठेवला आणि उघडलाच नाही. अर्धा तास नुसतं बघत होते. मरळीला एक सवय असते. ती पाण्यातला प्राणवायू पुरत नाही म्हणून मधून मधून वर येऊन हवेचा घोट घेते. तळं कितीही आटलं, सडलं तरी ती म्हणूनच जगते. तो घोट घेतला की पाण्यावर एक हलकी भोवरी उठते. काका त्या भोवऱ्या मोजत होते.

तेवढ्यात मला दिसलं. काठापासून दोन हातांवर पाण्यात एक लालसर ढग, ताटाएवढा. जवळून पाहिलं तर ती पिलं होती, शेकडो, केशरी रंगाची, एकत्र वळवळणारी. आणि त्यांच्या खाली एक काळी लांब सावली. माझ्या हाताएवढी मरळ.

मी काकांचा हात दाबला. काकांनी आधीच पाहिलं होतं.

मरळीची जोडी पिलांना राखते. त्या दिवसांत पिलांजवळून काहीही गेलं तरी ती त्यावर तुटून पडते, भूक असो वा नसो. म्हणजे कुठलंही आमिष चाललं असतं. चमचा, पीस, चिंधी, नुसता बुचाचा तुकडासुद्धा. पाच मिनिटांत काम झालं असतं आणि नऊच्या आत आम्ही घरी.

काका उठले. म्हणाले, "चल, पलीकडे बसू."

"काका, हीच मोठी आहे."

"आहे."

"भाऊंना हवीय ना?"

"हवीय. पण एका बापासाठी आलोय आपण. दुसऱ्याच्या पोरांवरून उचलून न्यायचं नाही. ही गेली की तासाभरात बाकीचे मासे ती सगळी पिलं खातील."

आम्ही पलीकडे बसलो. मधेच पावसाची सर आली, पाणी ढवळलं. दुपारी बारापर्यंत काका प्रयत्न करत होते. एकदा बेडकावर झडप पडली पण गळ लागला नाही. रिकाम्या हाताने परतलो.

घरी काय झालं असेल ते सांगायला नको. आजी काकांना म्हणाली, "घरातला माणूस अंथरुणावर आणि तुला माशाच्या पोरांची दया." आई काही बोलली नाही, तिने भाऊंसाठी मऊ भात लावला, आणि तो नेहमीसारखा निम्मा परत आला. काका जेवले नाहीत. तो आठवडा आमच्या घरात फार लांब होता. मला स्वतःला काकांचा राग आला होता, हे लिहायला आज हरकत नाही. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचा बाप दिसतो, माशाचा नाही.

दुसऱ्या रविवारी त्याच तळ्यावर. आठवडाभर पाऊस झाला होता, पाणी चहासारखं. काकांनी मला विचारलं, "तू सांग. कोणतं लावू?"

मी चारही प्रश्न म्हटले. पाणी गढूळ, म्हणून काळं आणि फडफडणारं. झाकण कमळाचं, म्हणून अडकणारं नको. खाणं बेडूक, कारण काठाने चालताना टपाटप उड्या पडत होत्या. वेळ पहाटेची, आभाळ भरलेलं, म्हणून वरच्या पाण्यातलं. चारही प्रश्नांचं उत्तर एकच निघालं, सायकलच्या ट्यूबचा बेडूक.

पिलांचा तो ढग अजून होता, थोडा पसरलेला. आम्ही त्याच्या उलट टोकाला गेलो. काकांनी बेडूक एका पानावर टाकला, क्षणभर तिथेच राहू दिला, मग पानावरून पाण्यात सरकवला. दोनदा फडफड. थांबले. पुन्हा दोनदा. पाणी फुटलं, बेडूक दिसेनासा झाला.

इथे नवशिका झटका देतो आणि मासा जातो. मागच्या रविवारी तेच झालं होतं, गळ नीट तोंडात जाण्याआधीच बांबू उचलला गेला होता. मरळ बेडूक आधी पकडते, मग आत घेते. काका मला शिकवायचे, मनात एकदा सावकाश 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायचं आणि मग बांबू उचलायचा. त्या दिवशी मी मोठ्याने म्हटलं. बांबू वाकला, आणि काका दोन पावलं मागे सरकत गेले. मरळ काठावर आली. मागच्या रविवारच्या निम्मीही नव्हती, पण मरळ होती.

परत जाताना काका पटेलांकडे सांगायला गेले, एकच घेतला म्हणून.

आईने हळद, लसूण, जरासं कोकम घालून पातळ कालवण केलं. भाऊंनी वाटीभर घेतलं, भाताबरोबर, आणि वाटी पुन्हा पुढे केली. पहिल्या रविवारी रिकाम्या हाताने का आलो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकांना हाक मारून म्हणाले, "बरं केलंस." एवढंच. आजीने त्यानंतर तो विषय काढला नाही.

भाऊ बरे झाले. मरळीने की क्लोरोमायसेटिनने की नुसत्या दिवसांनी, ही नोंद कोणाच्या खाती टाकायची हे मी आयुष्यभर आकडेमोड करूनही ठरवलेलं नाही. गणपतीत ते स्वतः चालत सुरसागरापर्यंत गेले.

यानंतरची बरीच वर्षं मी सोडून देतो. काका गेले, वाडा गेला, गोत्री शहरात आली. ज्या तळ्यांना काठ होते त्यांना कठडे आले. लोक फेऱ्या मारतात, छान वाटतं, पण पाण्याकडे वाकून बघणारा दिसला की लोकांना काळजी वाटते.

माझी मुलगी न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहते. तिच्या वसाहतीमागे पावसाचं पाणी साठवण्यासाठी केलेलं एक लहान तळं आहे. नातू बारा वर्षांचा, म्हणजे माझं तेव्हाचं वय. त्याला मासे धरायचा नाद. तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. मासे धरायचे आणि सोडून द्यायचे. त्या तळ्यात असतो तो बास. नाव ऐकून मी म्हटलं, "बास म्हणजे पुरे." तो हसला. आमच्या कोकणच्या जिताड्याला इंग्रजीत सी बास म्हणतात, पण हा त्याचा भाऊबंद नव्हे. हा अमेरिकेचा मूळचा गोड्या पाण्यातला मासा, तोंड मोठं, हिरवट अंग, कुशीवर काळा पट्टा. वागणूक मात्र हुबेहूब मरळीची. झाकणात लपायचं, जवळून जाणाऱ्यावर झडप घालायची. हवेचा घोट घेत नाही, एवढाच फरक.

नातवाकडे डबा नव्हता, पेटी होती. तीन मजली. चाळीसेक आमिषं, एकाहून एक रंगीत. फिरत्या पात्याची, डुलणाऱ्या माशांची, प्लॅस्टिकचे किडे, रबरी बेडूक. आणि तो ती एकामागून एक बदलत होता, दहा मिनिटांत एक. मला त्या पेटीत ओळखीचे चेहरे दिसले. चमचा तर तोच. ज्युलिओ ब्युएल नावाच्या अमेरिकनाने 1852 साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, असं सांगतात. डुलणारा मासा फिनलंडच्या लाउरी रापाला या कोळ्याचा, 1936 सालचा. त्याने पाहिलं की शिकारी मासा कळपातला जो वेडावाकडा पोहतो त्यालाच धरतो. म्हणून त्याने बुचाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी लावली आणि वर फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून लेप दिला. प्लॅस्टिकचा किडा ओहायोच्या निक क्रीम यांचा, 1949 चा. आज हे सगळं कारखान्यात होतं, पण सुरुवात आमच्या काकांसारखीच, घरातल्या टाकाऊतून आणि नीट बघण्यातून.

मी त्याला म्हटलं, "पेटी बंद कर. आधी मला सांग, पाणी कसं आहे?"

"डर्टी."

"त्याला गढूळ म्हणतात."

"गढूळ," तो म्हणाला. त्याचं मराठी घरातलं आहे, जेव, झोप, ये, जा एवढंच. गढूळ, शेवाळ, काठ, गळ हे शब्द तो त्या महिन्यात शिकला. आम्ही चारही प्रश्न काढले. पाणी गढूळ, काठाला गवत, खाणं म्हणजे तळहाताएवढे ब्लूगिल नावाचे मासे आणि त्यांची पिलं, वेळ दुपार टळलेली. मग त्यानेच निवडलं. काळा-निळा प्लॅस्टिकचा किडा, गळाचं टोक त्याच्या अंगातच लपवलेलं म्हणजे गवतात अडकणार नाही, आणि ओढायचा अगदी हळू. त्या दिवशी एकच लागला, पण तो का लागला हे त्याला सांगता येत होतं. संध्याकाळी बेडूक लावला तेव्हा मी थांबायला शिकवलं. तो 'वन मिसिसिपी, टू मिसिसिपी' असं मोजतो. मी म्हटलं, चालेल. लांबी साधारण तेवढीच आहे.

एका सकाळी पाणी निवळलं होतं. काठाजवळ तळाशी एक स्वच्छ गोल जागा दिसली, परातीएवढी, खडी मोकळी केलेली. त्यावर एक चांगला मोठा बास, जागचा हलत नव्हता. हा नर. मादी अंडी घालून जाते आणि नर राखण करतो. त्या दिवसांत तिथे बास धरला तर लगेच सोडावा लागतो, तसा नियमच आहे. नातवाला नियम माहीत होता. म्हणाला, "आजोबा, मी सोडूनच देणार आहे ना. मग काय?"

प्रश्न बरोबर होता. त्याला घरी कालवण करायचं नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. मी नाही म्हटलं नाही. त्याला एवढंच सांगितलं, "आजूबाजूला बघ." गोलाच्या कडेने सात-आठ ब्लूगिल घिरट्या घालत होते. बास एकाला हाकलायला हातभर गेला की दुसरा आत घुसत होता. पाच मिनिटं तो पाण्याबाहेर राहिला तर काय होईल हे कोणी सांगायची गरज नव्हती. मग मी त्याला गोत्रीच्या तळ्याची गोष्ट सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत.

त्याने विचारलं, "तुमचे काका घरी गेल्यावर कोणी ओरडलं?"

"हो. माझी आजी."

"आणि तुम्ही?"

"मी काही बोललो नाही. पण राग आला होता."

तो पुष्कळ वेळ काठावर उकिडवा बसून राहिला. मग पेटी उचलली आणि न उघडता पलीकडच्या काठाला गेला.

आमिषाबद्दल मला जे माहीत आहे ते एवढंच, आणि ते सगळं काकांचं. आमिष निवडणं हे शेवटचं काम. त्याआधी पाणी, झाकण, खाणं, वेळ. आणि त्याच्याही आधी, कोणता मासा धरायचा नाही. राखणीला बसलेल्या माशाला कुठलंही आमिष चालतं, म्हणून तिथे कौशल्य लागत नाही. कौशल्य लागतं ते पलीकडच्या काठाला.

काकांच्या डब्यातलं रबर कधीच कुजलं, पीस कसरीने खाल्लं. पितळी चमचा तेवढा राहिला होता, तो मी चिंचेने घासून नातवाला दिला. त्याच्या पेटीत वरच्या मजल्यावर आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी गळाचा असा डबा होता का, बडोद्यात कोणत्या तळ्यावर जात होता, आमिष कशाचं करत होता, जरूर लिहा. जुनी माणसं कमी होत चालली आहेत, आणि तळीही.